आतड्याचे अस्तर आणि जिवाणूंचा ठाव

प्रास्ताविक

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, जमाखर्चाची पत्रके व निरनिराळ्या विभागांच्या कार्याचा आढावा यांच्या जोडीने आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. अहवालाचे वाचक असलेले सभासद, देणगीदार व हितचिंतक बहुतांशी वैद्यकीय क्षेत्राबाहेरचे असतात. प्रस्तुत लेखकही वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून जे समजून घेता आले, ते सर्वसामान्य वाचकास कळेल अशा भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की काही दिवसांतच ढाळ-वांत्यांचे रुग्ण रुग्णालयात येऊ लागतात. त्यांत लहान मुले अधिक असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार अतिसारामुळे जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४३ हजार बालके दगावतात. अशा साथीत एक गोष्ट नेहमी आढळते. एकाच विहिरीचे पाणी प्यालेल्या घरातील दोघे अंथरुणाला खिळतात आणि उरलेल्या तिघांना काहीच होत नाही. याची कारणे अनेक असली, तरी त्यांच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. जिवाणू पोटात गेला एवढ्याने रोग होत नाही. पोटात गेलेल्या जिवाणूला आतड्याच्या अस्तरावर ठाव धरता आला, तरच बहुतेक जिवाणूजन्य अतिसारांचा आरंभ होतो. ठाव मिळाला नाही, तर तो अन्नरसाबरोबर वाहत जाऊन शरीराबाहेर पडतो. हे चिकटणे कसे घडते, शरीर ते कसे रोखते आणि त्या कामी आपण कोणते साहाय्य करू शकतो, याचा विचार येथे केला आहे.

अस्तराची रचना

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर व मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. लहान आतड्याच्या आतील बाजूस घड्या असतात आणि त्या घड्यांवर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यामुळे आतील पृष्ठभाग पुष्कळ वाढतो. तो टेनिसच्या मैदानाएवढा असतो, असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप करून संपूर्ण पचनमार्गाचे आतील क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर असल्याचे दाखविले. दोन मध्यम आकाराच्या खोल्यांएवढी ही जागा आहे.

या सर्व पृष्ठभागावर शरीर आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये पेशींचा केवळ एकेरी थर असतो. अन्नातील पोषक द्रव्ये रक्तात पोचावयाची असल्याने हा पडदा जाड असून चालत नाही. दुसऱ्या बाजूस आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंची संख्या अफाट असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात असतात. एवढ्या समुदायाला एकेरी पडद्यापासून दूर ठेवण्याचे काम त्या पडद्यावर पसरलेला बुळबुळीत स्राव करतो. त्यास श्लेष्मा असे म्हणतात.

आतड्याच्या अस्तरात ठिकठिकाणी पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्यांना चषक-पेशी म्हणतात. त्यांच्या पोटात म्युसिन नावाचे प्रथिन घट्ट दाबून भरलेले असते. ते बाहेर पडताच पाणी शोषून घेऊन शेकडो पटींनी फुगते. सब्जाचे बी पाण्यात टाकल्यावर त्याभोवती जसा गुळगुळीत थर तयार होतो, तसाच हा प्रकार आहे. म्युसिनच्या वजनापैकी सुमारे ८० टक्के भाग निरनिराळ्या शर्करांचा असतो. प्रथिनाचा एक लांब कणा आणि त्यावर दाटीने उभ्या असलेल्या शर्करांच्या लहान साखळ्या, असे त्याचे स्वरूप असते. पुढील सर्व विवेचनात या शर्करा महत्त्वाच्या आहेत.

मोठ्या आतड्यात या श्लेष्म्याचे दोन थर असतात. बाहेरचा थर सैल असून त्यात जिवाणू वस्ती करतात. पेशींना लागून असलेला आतला थर इतका घट्ट असतो, की त्यात जिवाणूंचा शिरकाव जवळजवळ होतच नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २००८ साली उंदरांच्या आतड्यात ही व्यवस्था स्पष्टपणे दाखवून दिली. ज्या उंदरांत मुख्य म्युसिन तयारच होत नाही, त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना जाऊन भिडतात आणि आतड्याचा दाह सुरू होतो, हेही दिसून आले. लहान आतड्यात मात्र अन्नरस शोषला जावयाचा असल्याने श्लेष्म्याचा एकच, तुलनेने सैल थर असतो. अतिसाराचे अनेक जिवाणू लहान आतड्यावरच हल्ला करतात, याचे एक कारण या सैलपणात आहे.

हा थर एकदा लावून ठेवलेल्या रंगाच्या लेपासारखा स्थिर नसतो. तो सतत आतून तयार होतो आणि बाहेरून झिजून वाहून जातो. उंदरांच्या मोठ्या आतड्यातील आतला थर सुमारे एका तासात नवा होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. खालच्या पेशीदेखील तीन ते पाच दिवसांत बदलल्या जातात. यामुळे श्लेष्म्यात अडकलेला जिवाणू त्यासकट बाहेर ढकलला जातो. शिवाय अस्तरातून दररोज काही ग्रॅम प्रतिपिंडे श्लेष्म्यात सोडली जातात. ती जिवाणूंना वेढून त्यांची चिकटण्याची साधने निकामी करतात.

जिवाणू चिकटतात कसे?

एवढ्या बंदोबस्तातून जाऊन पेशीला पकडणे हे सोपे काम नव्हे. ज्या जिवाणूंना ते साधते, त्यांच्यापाशी त्यासाठी खास साधने असतात.

पहिले साधन पोहण्याचे असते. अनेक जिवाणूंना चाबकासारखी एक किंवा अनेक शेपटे असतात. ती फिरवून ते श्लेष्म्यातून वाट काढतात. दुसरे साधन कापण्याचे असते. काही जिवाणू म्युसिनचे तुकडे करणारी पाचकद्रव्ये सोडतात आणि जाळे सैल करतात. तिसरे व मुख्य साधन पकडण्याचे असते. जिवाणूच्या अंगावर केसांहूनही कित्येक पटींनी बारीक असे प्रथिनांचे तंतू असतात. त्यांना पिली म्हणतात. रानातून चालताना गवताची कुसळे धोतराला लागतात, तसे हे तंतू अस्तराला लागतात. मात्र यात एक महत्त्वाचा फरक आहे. कुसळ कोणत्याही कापडाला लागते. जिवाणूचा तंतू ठरावीक शर्करेलाच लागतो. तंतूच्या टोकाशी असलेल्या प्रथिनात त्या शर्करेच्या आकाराची खाच असते. कुलपास जशी ठरावीक किल्ली लागते, तशी ही जोडी असते. ई. कोलाय या जिवाणूच्या एका प्रकारच्या तंतूंची जोडी मॅनोज नावाच्या शर्करेशी जमते. जठरात व्रण निर्माण करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या अस्तरावरील रक्तगटाशी संबंधित शर्करांना धरतो, असे १९९३ साली सिद्ध झाले.

कुलूप-किल्लीचा हा संबंध किती निर्णायक असतो, हे डुकरांच्या पिलांवरील अभ्यासातून प्रथम चांगले लक्षात आले. ई. कोलायच्या एका जातीमुळे पिलांना जीवघेणे जुलाब होतात. परंतु काही पिलांच्या आतड्यावर त्या जिवाणूला धरता येईल असा बिंदू जन्मतःच नसतो. तीच हवा, तेच खाद्य आणि तोच जिवाणू असूनही अशा पिलांना रोग होत नाही. जिवाणू पोटात येतो आणि निघून जातो. १९७० च्या दशकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. माणसांतही काहीसा असाच भेद दिसतो. पटकी झालीच, तर ‘ओ’ रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये ती अधिक तीव्र स्वरूपाची असते, ही गोष्ट अनेक अभ्यासांत आढळली आहे.

ज्याला आयता बिंदू सापडत नाही, असा एक जिवाणू तो स्वतःच तयार करतो. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायच्या एका जातीचा हा प्रकार कॅनडातील संशोधकांनी १९९७ साली उघडकीस आणला. हा जिवाणू सुईसारख्या नळीतून आपले एक प्रथिन आतड्याच्या पेशीत घुसवितो. ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसते आणि मग जिवाणू त्यालाच घट्ट धरून राहतो. दुसऱ्याच्या भिंतीत स्वतःची खुंटी ठोकून तिला आपली पिशवी अडकवावी, तसा हा व्यवहार आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. श्लेष्म्याला चिकटणे आणि पेशीला चिकटणे यांत मोठे अंतर आहे. श्लेष्म्यातील शर्करा पुष्कळदा पेशीवरील शर्करांसारख्याच असतात. त्यामुळे जिवाणू वरच्या थरातच गुंतून पडतो आणि त्या थराबरोबर वाहून जातो. म्हणजे शरीराने दाराबाहेर मांडलेला हा एक प्रकारचा सापळा आहे. त्या सापळ्यातून जो सुटतो, तो रोग निर्माण करतो.

पटकीचे उदाहरण

या सर्व विवेचनाचे उत्तम उदाहरण म्हणजे पटकी अथवा कॉलरा. गावोगावची मरीआईची देवळे या रोगाने एके काळी घातलेल्या थैमानाची साक्ष देतात. इटलीतील फ्लॉरेन्स येथे फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ साली पटकीच्या मृत रुग्णांच्या आतड्यात या रोगाचे जिवाणू पाहिले होते. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकाता येथे ते वेगळे करून दाखविले. स्वल्पविरामासारखा वाकलेला आणि एका शेपटाचा हा जिवाणू आहे.

सर्वप्रथम त्याची गाठ जठरातील आम्लाशी पडते. तेथे बहुतेक जिवाणू मरतात. स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत निरोगी जठर असताना रोग होण्यास दहा कोटी किंवा त्याहून अधिक जिवाणू लागले. सोड्यासारखे आम्ल मारणारे द्रव्य आधी दिले असता मात्र दहा हजार ते दहा लाख पुरेसे ठरले. कुपोषित मुले आणि आम्लशामक औषधे घेणाऱ्या व्यक्ती यांना अधिक धोका का असतो, हे यावरून कळते. कारण त्यांच्या जठरात आम्ल कमी असते.

जठरातून सुटलेले जिवाणू लहान आतड्यात येतात. शेपट फिरवीत ते श्लेष्म्यात शिरतात व पाचकद्रव्याने म्युसिन सैल करतात. त्याच वेळी जिवाणूच्या अंगावरील एक प्रथिन म्युसिनमधील एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन या शर्करेला धरते. या प्रथिनाविषयी २००५ साली प्रसिद्ध झालेले संशोधन विशेष लक्षवेधी आहे. हा जिवाणू मूळचा खाड्यांच्या व नदीमुखांच्या निमखाऱ्या पाण्यात राहणारा आहे. तेथे तो डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जलजीवांच्या अंगाला चिकटून राहतो. या जीवांचे कवच कायटिनचे असते आणि कायटिन हे त्याच एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइनच्या साखळ्यांचे बनलेले असते. पाण्यात कवचाला धरणारे जे प्रथिन, तेच पोटात श्लेष्म्याला धरते. माणसाच्या आतड्यात शिरण्याची विद्या या जिवाणूस त्याच्या जलवासातच लाभली आहे.

यानंतर जिवाणू आणखी एक प्रकारचे तंतू तयार करतात. या तंतूंनी ते एकमेकांना बांधून घेतात आणि अस्तरावर त्यांचे पुंजके तयार होतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे तंतू तयार करण्याची क्षमता काढून टाकलेले जिवाणू स्वयंसेवकांना देण्यात आले. ते आतड्यात ठाव धरू शकले नाहीत. ठाव नाही तर रोग नाही, याचा हा मनुष्यातील प्रत्यक्ष पुरावा होय.

पटकीचा जिवाणू पेशीच्या आत शिरत नाही आणि रक्तातही जात नाही. तो अस्तराला चिकटून तेथूनच विष सोडतो. हे विष आहे आणि ते आतड्यातच कार्य करते, हे सिद्ध करण्याचा मान कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांच्याकडे जातो. त्यांनी सशाच्या आतड्याचा लहान भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जिवाणू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. पुढे १९५९ साली त्यांनी जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही तोच परिणाम होतो, हे दाखविले. कॉख यांच्या कोलकात्यातील शोधानंतर ७५ वर्षांनी, त्याच नगरीत हे कोडे सुटले. डॉ. डे यांचे १९८५ साली निधन झाले; त्यांच्या हयातीत या कार्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

विषाच्या प्रभावाने पेशी क्षार व पाणी आतड्यात ओतू लागतात. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून जाऊ शकते. तांदळाच्या धुवणासारख्या त्या जुलाबांबरोबर अस्तरावरील जिवाणूही सुटून बाहेर पडतात. नुकतेच बाहेर पडलेले हे जिवाणू काही तासपर्यंत अधिक संसर्गक्षम असतात, असे २००२ साली आढळले. एका घरात रोगी आढळल्यास त्याच दिवशी कपडे, भांडी व शौचाची जागा निर्जंतुक करावी असे डॉक्टर सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

येथेच उपचाराचे तत्त्वही सापडते. विषामुळे पाणी बाहेर ओतले जात असले, तरी ग्लुकोज व मीठ यांना एकत्र आत घेणारा पेशीचा मार्ग चालूच राहतो आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत जाते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यातून पाजण्याचा निर्णय घेतला. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. हीच आपली जलसंजीवनी. डॉ. महालनोबिस २०२२ साली निवर्तले व २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

घरचे रहिवासी

आतड्यातील जिवाणू सगळेच शत्रू नसतात. बहुसंख्य जिवाणू निरुपद्रवी असतात आणि कित्येक उपकारकही असतात. तेदेखील श्लेष्म्यात राहतात, त्यातील शर्करांना धरतात आणि त्यांवर उपजीविका करतात. ते जागा व्यापून असतात, उपलब्ध अन्न खाऊन टाकतात आणि त्यांच्या वास्तव्याने नवागतास प्रतिकूल असे वातावरण तयार होते. अमेरिकेत १९५० च्या दशकात उंदरांवर झालेला एक प्रयोग या संदर्भात आजही सांगितला जातो. साल्मोनेलाचा संसर्ग होण्यास एरवी सुमारे एक लाख जिवाणू लागत. उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन दिले असता दहाहून कमी जिवाणूही पुरेसे ठरले. औषधाने घरचे रहिवासी नाहीसे झाले आणि रिकाम्या घरात परक्याला सहज प्रवेश मिळाला.

यावरून घेण्याचा बोध स्पष्ट आहे. जुलाब होताच औषधांच्या दुकानातून दोन-चार कॅप्सूल आणून घेण्याची सवय हानिकारक आहे. लहान मुलांचे पुष्कळसे जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नसतो. उलट, उपयोगी जिवाणू मात्र नष्ट होतात. शौचातून रक्त पडणे, तीव्र पटकी अशा परिस्थितीत प्रतिजैविक आवश्यक असते. परंतु तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा आहे.

घरच्या रहिवाशांनाही अन्न लागते. ते त्यांना तंतुमय पदार्थांतून, म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या व फळे यांतून मिळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात आहारातून तंतुमय भाग वगळला असता जिवाणू श्लेष्म्याचाच फडशा पाडू लागले. थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरणे सोपे गेले. उंदरांवरील निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हे खरे. तथापि भाकरी आणि उसळ यांच्या बाजूने हा आणखी एक पुरावा मानण्यास हरकत नाही.

चिकटू न देण्याचे उपाय

जिवाणूचा ठाव हा रोगाचा आरंभ असेल, तर तो ठाव मिळू न देणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. असे उपाय पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१. मातेचे दूध : मातेच्या दुधात दुग्धशर्करा व स्निग्धांश यांच्या खालोखाल एका विशिष्ट प्रकारच्या शर्करांच्या साखळ्या असतात. बाळाला त्या पचत नाहीत. मग त्या कशासाठी, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ पडला होता. त्या उपकारक जिवाणूंचे अन्न आहेत, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर असे, की त्यांतील काही साखळ्या अस्तरावरील शर्करांसारख्या दिसतात. जिवाणू त्यांनाच धरतात आणि बाळाच्या आतड्याला न लागता वाहून जातात. त्याखेरीज दुधातून प्रतिपिंडे मिळतात, ती वेगळीच. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे आणि वरचे पाणीदेखील देऊ नये, या सल्ल्यास असा भक्कम आधार आहे.

२. गाळलेले व शुद्ध केलेले पाणी : वस्त्रगाळ पाणी पिण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. पटकीचा जिवाणू जलजीवांना चिकटून असतो, हे ध्यानात घेऊन अमेरिकेतील डॉ. रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांत एक प्रयोग केला. जुन्या सुती साडीची चार वेळा घडी घालून तिच्यातून पाणी गाळावे, एवढेच त्यांनी स्त्रियांना शिकविले. वापरून मऊ झालेल्या कापडाचे धागे विसविशीत होऊन छिद्रे बारीक होतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. मात्र सुटा जिवाणू कापडातून आरपार जातो. म्हणून गाळणे ही पहिली पायरी समजावी. गाळलेले पाणी उकळणे किंवा त्यात क्लोरिन घालणे आवश्यक आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो व ओटी चाचणी घेतो, तो या साखळीतला अत्यंत महत्त्वाचा दुवा आहे.

३. हात धुणे : शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी आणि मुलास भरविण्यापूर्वी साबणाने हात धुणे. साबण जिवाणूंना मारतो त्यापेक्षा अधिक त्यांना त्वचेवरून सोडवितो. येथेही प्रश्न चिकटण्याचाच आहे.

४. लस : पंढरपूरच्या यात्रेकरूंना पूर्वी पटकीची टोचणी करून घ्यावी लागे, हे जुन्या पिढीस स्मरत असेल. त्या लशीने मिळणारे संरक्षण अल्प व थोड्या काळापुरते असे. रोगजंतू आतड्याच्या पृष्ठभागावर असताना संरक्षण मुख्यतः रक्तात तयार होत असे, हे त्याचे एक कारण होय. तोंडाने घेण्याच्या लशीमुळे अस्तरातच प्रतिपिंडे तयार होतात. कोलकात्याच्या वस्त्यांत २००६ साली दिलेल्या अशा लशीने पाच वर्षांत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. बालकांमधील विषाणूजन्य जुलाबांसाठी रोटाव्हायरसची तोंडाने द्यावयाची लस २०१६ पासून आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली आहे. ती चुकवू नये.

५. जलसंजीवनी व जस्त : इतके करूनही जुलाब झालेच, तर पहिल्या जुलाबापासून जलसंजीवनी सुरू करावी. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावी; अर्ध्या पाण्यात अर्धी पुडी असा अंदाजाचा मार्ग धरू नये. आशा कार्यकर्तीकडे ती विनामूल्य मिळते. बालकांना जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची २००४ पासूनची शिफारस आहे. जस्तामुळे अस्तराची झीज भरून येण्यास मदत होते. स्तनपान व नेहमीचा आहार चालू ठेवावा. मूल सुस्त होणे, डोळे खोल जाणे, लघवी न होणे, पाणी न ठरणे किंवा शौचातून रक्त पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विनाविलंब रुग्णालयात आणावे.

समारोप

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तर अतिसाराचा खर्च टप्प्याटप्प्याने वाढत जातो. विहिरीपाशी तो चमचाभर पावडरीचा असतो, घरात साबणाच्या वडीचा, आजाराच्या पहिल्या दिवशी एका पुडीचा. खाट, सलाइन, तपासण्या आणि अतिदक्षता विभाग हे त्यापुढचे टप्पे होत. धर्मादाय रुग्णालय म्हणून शेवटच्या टप्प्यावर आलेल्या प्रत्येक रुग्णाची सेवा करणे हे आपले कर्तव्यच आहे आणि देणगीदारांच्या औदार्यामुळे ते पार पडते. परंतु मजुरीवर पोट असलेल्या कुटुंबाचे बुडालेले रोज आणि उशिरा आणलेल्या बालकाचा गेलेला जीव कोणत्याही देणगीने भरून निघत नाही.

आतड्याचे अस्तर रात्रंदिवस आपले काम बजावीत असते. त्याच्यावर जिवाणूंचा भार कमीत कमी पडेल, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. या अहवालाच्या वाचकांपैकी अनेकजण आपापल्या गावी ग्रामपंचायत, शाळा, महिला मंडळ वा सहकारी संस्था यांच्याशी संबंधित आहेत. त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील पाणी नियमितपणे शुद्ध केले जाते की नाही, याची चौकशी करावी. प्रत्येक घरात जलसंजीवनीच्या दोन पुड्या असाव्यात, यासाठी प्रयत्न करावा. तसे झाले, तर पुढील पावसाळ्यात आपल्या बालरुग्ण विभागातील काही खाटा रिकाम्या राहतील. त्या तशा राहाव्यात, हीच सर्व हितचिंतकांकडे नम्र विनंती.